जलपर्णीची वारी

उन्हाळा तोंडावर आला की पिंपरी-चिंचवडमध्ये दोन गोष्टी हमखास वर येतात. नदीत जलपर्णी आणि महापालिकेत तिची निविदा. दोघींत वेळ पाळते ती जलपर्णी.

थेरगावला केजूबाई बंधाऱ्यापाशी जाऊन बघा. पवना शोधावी लागते. फुगीर देठ, तुकतुकीत पानं, वर जांभळ्या फुलांचे तुरे. लोक थांबून फोटो काढतात. डास फोटोत येत नाहीत.

जलपर्णीबाई मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. फुलं देखणी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालात आल्या आणि बघता बघता खाड्या-तळी गिळून बसल्या. 1936 मध्ये बंगालने त्यांच्याविरुद्ध चक्क कायदा केला. कायदा झाला, जलपर्णी राहिली. यात आपल्याला नवल ते काय?

हवा मानवली की पंधरवड्यात दुप्पट होते म्हणे. होणारच. पण खाते काय? नायट्रेट आणि फॉस्फेट. म्हणजे आपला मैला आणि आपल्या साबणाचा फेस. ताट आपणच वाढायचं आणि पाहुणी हटत नाही म्हणून बोंब मारायची.

चाकण पट्ट्याची तर बातच न्यारी. गावांची लोकसंख्या शहराची, सांडपाण्याची सोय ग्रामपंचायतीची. उरलेलं इंद्रायणी बघून घेते.

काढायची कशी? तराफ्यावरची माणसं ओढतात, पोकलेन काठावर ढीग लावतो. या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे नदीतून पाणी उचलायचे आपण पैसे मोजतो! ढीग वेळेत हलला नाही तर जागेवर सडतो, रस पुन्हा नदीत उतरतो. पुढच्या पिकाचं खत तयार. बी तर आधीच गाळात पडलेलं असतं, वर्षानुवर्षं दम धरून.

जलपर्णी खाणारे भुंगेही आहेत. 1980च्या दशकात ते भारतात आणून बंगळुरूकडे सोडले होते. काम सावकाश करतात, पण बिल लावत नाहीत.

म्हणूनच त्यांचं कुणी नाव काढत नसावं.

मग पाऊस येतो आणि सगळ्यांची सुटका करतो. पवनेची जलपर्णी दापोडीला मुळेत, तिथून मुळा-मुठेत, पुढे भीमेत. इंद्रायणीची आळंदीवरून तुळापूरला, तीही भीमेतच. पुढे उजनी आणि त्याही पुढे पंढरपूर. माऊलींची पालखी रस्त्याने जाते, ही पाण्याने. फरक एवढाच, हिला वाटेत कुणी नमस्कार करत नाही. पुढच्या हद्दीत ढकलून हात झटकतात.

बरं, नदीतल्या उपऱ्या वनस्पतीवर एवढा दात, मग जमिनीवरच्यांचं काय? आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या गटाने जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींची यादी केली. तीत जलपर्णी आहे, घाणेरी आहे, सुबाभूळ आहे आणि वेडेलियाही. घाणेरी आम्ही रंगीत फुलांची म्हणून कुंडीत लावतो. सुबाभूळ तर सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत सरकारनेच गावोगावी लावून घेतली.

वेडेलिया ओळखली नाही? रोज बघता. दुभाजकावर, कंपनीच्या फाटकाशी, सोसायटीच्या लॉनच्या कडेला पसरलेली, पिवळ्या फुलांची. पाणी कमी, देखभाल नाही, महिन्याभरात जमीन झाकते. लँडस्केपवाला हे गुण म्हणून सांगतो.

निरगुडी, अडुळसा, करवंद, धायटी? ‘साहेब, त्याला लूक नाही.’ इथल्या मातीत फुकट उगवतं त्याला लूक कसा असेल?

आता तर माहितीपत्रकात ‘पर्यावरणस्नेही हरित परिसर’ असं छापून येतं. खाली तीच वेडेलिया. तिच्या देठाचा बोटभर तुकडा ओल्या मातीत पडला तरी मुळं धरतो, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी छाटावी लागते. छाटलेलं माळी कुठे टाकतो?

भिंतीपलीकडे.

आणि भिंतीपलीकडे काय आहे? नाला. तो कुठे जातो, हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल.