द्रुतगती गोलंदाजाच्या शैलीचे घरबसल्या परीक्षण

द्रुतगती गोलंदाजाच्या शैलीचे परीक्षण करण्यासाठी स्वतः कधी चेंडू टाकलेला असावा लागतो, हा समज निराधार असून दूरचित्रवाणी संच, चहा आणि ठाम आवाज एवढ्या सामग्रीवर कोणाही होतकरू परीक्षकास या शास्त्रात पारंगत होता येते. त्यासाठीच्या पायऱ्या येथे क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : धाव. धाव लयबद्ध आणि वाढत्या वेगाची असावी, असा सर्वमान्य नियम आहे. जसप्रीत बुमराह मात्र आरंभी अडखळल्यासारखी आखूड पावले टाकत येतो आणि तरीही फलंदाजाला चेंडूचा वेग उमगेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून २०१६ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय पदार्पणाच्या वेळी ज्यांनी त्याच्या शैलीस नाके मुरडली होती, त्यांनी आता तीच शैली 'अपारंपरिक' या आदरार्थी विशेषणाने गौरवावी.

दुसरी पायरी : मागचा पाय. चेंडू टाकण्यापूर्वी मागचे पाऊल क्रीजला समांतर पडल्यास शैली 'साइड-ऑन' आणि फलंदाजाच्या दिशेने पडल्यास 'फ्रंट-ऑन' ठरते. कंबर एकीकडे व खांदे दुसरीकडे वळल्यास तिला मिश्र शैली म्हणतात, आणि तीत कण्याच्या खालच्या भागाला पीळ बसून स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक भेगेचा, धोका वाढतो. सैल सदऱ्यामुळे पडद्यावर कंबरेची दिशा नीट दिसत नाही, ही अडचण नसून सोय मानावी, कारण त्यामुळे कोणाचीही शैली मिश्र असल्याचे निर्धास्तपणे सांगता येते.

तिसरी पायरी : पुढचा पाय. हा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलतो, आणि त्या क्षणी गुडघा ताठ राहिल्यास धावेतला वेग धडामार्गे हातात उतरतो, तर वाकल्यास त्यातला बराचसा वाया जातो. सबब चेंडू सीमापार गेल्यावर 'गुडघा वाकतोय' एवढेच म्हणून मान हलवावी. हे विधान खोडण्यास घरात सहसा कोणी समर्थ नसते.

चौथी पायरी : कोपर. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेत अंगावर खुणा चिकटवून अनेक कॅमेरे लावावे लागतात, परंतु निष्णात परीक्षक तेच मोजमाप सोफ्यावर आडवा होऊन, चष्मा न लावता करतो. बुमराहचे कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे उलटे वाकते, आणि निसर्गतः लाभलेली ही लवचीकता नियमभंगात धरली जात नाही, हा तपशील वाद रंगात आल्यानंतरच उघड करावा.

पाचवी पायरी : डोके. डोके स्थिर आणि नजर लक्ष्यावर हवी, असे सारे प्रशिक्षक सांगतात. जेम्स अँडरसनचे डोके चेंडू सोडताना खाली झुकून नजर जमिनीकडे जात असे. त्याची शैली सुधारण्याचे प्रयत्न झाले, २००६ साली त्याच्या पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले, पुढे तो मूळ शैलीकडे परतला आणि २०२४ साली ७०४ कसोटी बळींसह आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. या उदाहरणावरून शैलीत ढवळाढवळ करू नये, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो मान्य केल्यास परीक्षकांना कामच उरणार नाही, म्हणून तो फेटाळावा.

सहावी व अंतिम पायरी : निर्णय. तो बळी मिळेपर्यंत किंवा षटकार जाईपर्यंत राखून ठेवावा, कारण एकच कृती पहिल्या प्रसंगी 'मनगटाची किमया' आणि दुसऱ्या प्रसंगी 'मूलभूत दोष' ठरते, आणि आधी बोलणाऱ्याची फसगत होते.

एवढ्यावरही ज्या परीक्षकास आपल्या अधिकाराविषयी शंका वाटेल, त्याने जवळच्या मैदानावर जाऊन पूर्ण धाव घेत एक षटक टाकावे आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून विनासायास उठता आल्यास परीक्षण पुढे चालू ठेवावे.