माईंचं घर फिरायला निघालं

– वहिनी, आहात का? जरा कुंपणाशी या. काल माईंचा फोन आला होता, ऑस्ट्रेलियातून.

– अगं बाई, अजून तिथेच का त्या?

– तिथेच, पण सिडनीत मुलाच्या घरी नाहीत. कॅरव्हॅननं फिरून राहिल्यात. पुढे मोटार, मागे जोडलेलं चाकांचं घर. पलंग, फ्रिज, शेगडी, सगळं त्यात. एकादशीची खिचडीही त्यातच झाली म्हणे.

– गाडी भाऊ चालवतात?

– छे, मुलगा चालवतो. भाऊंचं काम वेगळंच, तेच सांगायला बोलावलं. त्या घरात संडास असतो ना, त्याची टाकी बाहेरून ओढून काढायची. तिला चाकं असतात, दांडाही असतो. रोज सकाळी भाऊ ती ओढत नेतात, ठरवून दिलेल्या जागी रिकामी करतात, धुतात, परत बसवतात. ज्यांनी जन्मात चहाची कपबशी विसळली नाही, ते भाऊ!

– काय सांगता! अन्नपूर्णेच्या दर्शनाला जातानाही चपला माईंनी पुढे ठेवायच्या!

– आणि वाटेत जो तो ‘गुड मॉर्निंग’ करतो. सगळ्यांच्या हातात तेच असतं, लाजायचं कोणाला!

– पण रात्री थांबतात कुठे? हॉटेलात?

– शोग्राउंडवर. लहान लहान गावांत वर्षातून एकदा शेतीची जत्रा भरते. गाईगुरं, मेंढ्या, बायकांचे केक, मुरंबे. त्याचं ते मैदान. आपलं दसरा मैदान समजा. एरवी रिकामंच, म्हणून तिथे नळ, वीज, न्हाणीघर करून ठेवलंय. थोडे पैसे भरायचे, रात्र काढायची. कुठे कुठे पैसे घ्यायला माणूसही नसतो, पेटीत टाकायचे.

– आपल्याकडे पेटीच गेली असती.

– असू द्या हो, देवळात टाकतोच की आपण.

– त्या गावांना काय मिळतं त्यातून?

– गिऱ्हाईक. मोठा रस्ता बाहेरून गेला की गावाचा धंदा बसतो. गोलबर्न म्हणून गाव आहे, लोकरीचं. तिथे 1985मध्ये काँक्रीटचा भलामोठा मेंढा उभा केला, पोटात दुकान. 1992मध्ये हायवेनं गावाला वळसा घातला, लोक थांबेनात. मग 2007मध्ये त्यांनी अख्खा मेंढाच उचलून हायवेजवळ नेला!

– वा! आपले लोक टपरी हलवतात, यांनी मेंढा हलवला.

– व्हिक्टोरियात ब्रिम नावाचं एवढंसं गाव. धान्याच्या 1939च्या कोठ्या पडून होत्या. गायडो व्हॅन हेल्टन नावाच्या चित्रकारानं त्यांवर कोठीएवढे उंच शेतकरी रंगवले. 2016च्या सुरुवातीला चित्र पुरं झालं, आणि लोक वाट वाकडी करून यायला लागले. मग आजूबाजूच्या गावांनीही कोठ्या रंगवून घेतल्या. माईंनी फोटो धाडलेत. एकही चेहरा हसरा नाही, पण बघत राहावंसं वाटतं.

– कॅरव्हॅनचं धोरण महाराष्ट्रानंही काढलंय, 2021मध्ये. आणि आपल्याकडे मध्य प्रदेशात हनुवंतियाला पर्यटकांसाठी तंबू असतातच.

– तंबू कसले, कापडाचं हॉटेल ते! माझ्या सासूबाई नर्मदा परिक्रमेला गेल्या होत्या, पायी. मैया उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. गावोगाव सदावर्त, पीठ, डाळ, मीठ मिळायचं, देवळाच्या ओवरीत पथारी पसरायची. कुठून आलात, किती दिवस राहणार, कोणी विचारायचं नाही. सगळं भरभरून सांगायच्या. फक्त पहाटे अंधारात झाडाआड जावं लागायचं, तेवढं सांगताना आवाज खाली यायचा.

– ते मात्र खरं. आमच्या भिशीतल्या बायका सहलीला निघाल्या की आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत.

– 2017पासून आपण स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतो, पण इंदूर सुटलं की? मला चाकांचं घर नकोच. महेश्वरच्या वाटेवर दर दहा कोसांवर एक धुतलेलं न्हाणीघर द्या, मी स्कूटरवर जाऊन येईन.

– माई कंटाळल्या नाहीत?

– रात्रीच्या कंटाळल्यात. अंधार पडायच्या आत गाडी उभी करायची, कांगारू रस्त्यावर येतात. आठाला दिवे बंद. आणि या कोण, तर अकराला सराफ्यात गराडू खायला निघणाऱ्या! भाऊ मात्र खूश. परतल्यावर जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग बसवणार म्हणतात.

– इथे? आपल्या गल्लीत? उभी कुठे करणार?

– तेच सांगायचं राहिलं. तुमच्या फाटकाशेजारी जागा आहे ना, असं विचारत होते.