टब, शॉवर आणि खालच्यांचे छत

मुलुंड असो वा बोरिवली, एक बीएचकेच्या न्हाणीघरात बाथटब बसवायचा निश्चय झाला की गृहस्थाने आधी आकडेमोड सोडून द्यावी. राष्ट्रीय इमारत संहिता माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरते आणि साधारण टब एका आंघोळीतच तेवढे पिऊन टाकतो. पण असल्या गोष्टी मुहूर्ताला काढू नयेत.

मग उतार. मुलुंडचे सांडपाणी भांडुपच्या केंद्रापर्यंत आणि पुढे ठाणे खाडीपर्यंत पोचवायला महापालिका आहे. मिस्त्रीला ते फक्त चार फूट, डक्टपर्यंत न्यायचे असते. घोटाळा नेमका त्या चार फुटांत होतो. पाइपला चाळीसास एक, म्हणजे मीटरमागे 25 मिलिमीटर उतार हवा. मिस्त्रीच्या पिशवीत पाणसळ असतेच, पण ती बाहेर येत नाही. तो एक डोळा मिटून 'बरोबर आहे' म्हणतो. गृहस्थाने दोन्ही मिटावेत.

शॉवर आणि टब एकाच आडव्या पाइपला जोडताना तिरकी वाय-जोडणी घ्यावी, असे जाणकार सांगतात. दुकानात काटकोनी टी स्वस्त मिळते, तेव्हा तीच घ्यावी. पुढे केसांचा गुंता अडकला की टबाचे पाणी सगळ्यांत खालचे तोंड शोधते आणि शॉवरखालच्या जाळीतून वर येते. एका टबाच्या पैशात दोन!

नहाणी ट्रॅप ही चीज मात्र गंभीरपणे घ्यावी लागते. त्याच्या बाकात 50 मिलिमीटर पाणी उभे राहते आणि गटाराची हवा अडवते. असा बाक शौचकूपाला जोडण्याचे पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये लंडनला घेतले होते. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स झाला. न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप हे त्यामागचे एक कारण मानले गेले. मे महिना कोकणात काढून परतलेल्या कुटुंबाला दारातच जो वास भेटतो, तो याच घराण्यातला. त्यावर तांब्याभर पाणी ओतणे हा उपाय फारच सोपा असल्यामुळे जाळीवर डांबरगोळी ठेवण्याची प्रथा आहे.

फरशी बसवण्याआधी पाइपची तोंडे बंद करून दिवसभर पाणी भरून ठेवावे, असाही एक नियम आहे. तो पाळण्याची गरज नाही. ही चाचणी खालच्या मजल्यावर आपोआप आणि फुकट होते. पोपडे सुटले की अहवाल आला असे समजावे. घाटकोपरच्या जुन्या इमारतींत तर वरच्यांचा ट्रॅप खालच्यांच्या न्हाणीघराच्या छतालाच लोंबत असतो. पाइप एकाचा, ओल दुसऱ्याची.

खर्चाबाबत गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी स्पष्ट आहेत: बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेची, घरातल्या संडास-मोरीची संबंधित सदनिकाधारकांची. 'संबंधित' म्हणजे वरचे की खालचे, यावर अंधेरीत अख्खी सर्वसाधारण सभा चालू शकते. तोडगा जुनाच आहे: वरच्या ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतायचे आणि सचिव, खजिनदार व दोन्ही घरांनी खालच्या न्हाणीघरात मान वर करून उभे राहायचे. रंग होळीचाच हवा असे नाही; पण सोसायटीच्या कपाटात तोच शिल्लक असतो.