पाचवी वेस

दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींतून कारंजा लाडात शिरणाऱ्या वाटसरूस आपण कोठे आलो हे निदान कळत असे. परंतु शोधयंत्र नामक पाचव्या वेशीचा दरवाजा रातोरात कोणत्या दिशेस फिरेल, याचा हुकूमनामा कोणाच्याच दफ्तरी नसतो. नृसिंह सरस्वतींच्या या जन्मस्थानी येणाऱ्या यात्रेकरूंसाठी संकेतस्थळ थाटलेले आमचे एक लॉजमालक स्नेही शोधनिकालांच्या पहिल्या पानावरून चौथ्या पानावर रवाना झाले, आणि त्यांच्या गादीवर उरणचे करंजा, वर्ध्याकडील कारंजा घाडगे व बागेतली पाण्याची कारंजी विराजमान झाली. गूगलने २०११ साली ‘पांडा’ व २०१२ साली ‘पेंग्विन’ अशा निरुपद्रवी नावांनी सोडलेल्या, शोधक्रम बदलणाऱ्या फर्मानांत भल्याभल्यांची दुकाने उठली, हे ऐकून त्यांना तेवढेच समाधान. हल्ली गुरुमंदिरातून परतताच, प्रसाद तोंडात असतानाच, ते मोबाइलवर आपला क्रमांक पाहतात. काल तो एकतिसावा होता.