संचारस्वातंत्र्य, रात्रपाळी

राज्यघटनेच्या कलम १९ ने देशात कुठेही मोकळेपणाने फिरण्याचा हक्क नागरिकाला दिला. जुन्नर-आंबेगावात तो बिबट्या वापरतो. ओतूरच्या उसात जन्मावं, मंचरच्या उसात संसार थाटावा. रहिवासी दाखला कोणी मागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्याच अनुसूचीत त्याचं नाव आहे. शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असतं, तेही वारसनोंद झाली असेल तर.

सरकार मात्र नियमानेच चालतं. एक खातं बजावतं, अंधार पडल्यावर एकट्याने शिवारात जाऊ नका. दुसरं खातं कृषिपंपांना पाळीने वीज देतं, त्यातली एक पाळी रात्रीची. बिबट्याला ठार करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा कारणांसह लेखी आदेश लागतो. शेतकऱ्याला रात्री दोनला मोटर चालू करायला पाठवायचं तर नुसतं वेळापत्रक पुरतं.

पकडलेल्या बिबट्याला माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजरा, डॉक्टर आणि वेळेवर जेवण. माणसं आपापल्या घराला जाळी मारून घेतात, पिंजऱ्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. बरं, कलम ५१-क म्हणतं, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य. ते इथे चोख बजावलं जातं; दर खेपेला एक शेळी, पंचनाम्यासह.