लोणच्याची बरणी

आमच्या सोसायटीतले नाना सध्या दर रविवारी पोटाला सुई टोचून घेतात. नंतर वहिनी पोहे करतात, ते आम्ही खातो, कारण नानांना भूकच नसते. आठ महिन्यांत पंधरा किलो उतरले. लग्नातला सफारी पुन्हा अंगात शिरला. लिफ्टमध्ये भेटेल त्याला नाना आकडा सांगतात.

परवा मात्र ते लोणच्याची बरणी घेऊन दारात. "जरा झाकण फिरवून देता?"

वजनकाटा हा मोठा मुत्सद्दी. किती गेलं ते सांगतो, काय गेलं ते नाही. नानांच्या सुईत असतं ते औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याच्या 'स्टेप १' चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. त्यातल्या 140 जणांचं शरीर स्कॅन करून पाहिलं, तर उतरलेल्या वजनापैकी सुमारे 40 टक्के चरबी नव्हतीच. (तो सगळा स्नायू नसतो, पाणीही असतं. औषधाच्या बाजूनेही बोलायला हवं.) औषध काही स्नायू खात नाही. ते भूक मारतं. मग आवक थांबलेलं घर जसं भांडी विकायला काढतं, तसं शरीर करतं.

पण ही भांडी, म्हणजे स्नायू, आपल्याकडे मुळात होती किती? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दिसायला काडी, आत लोणी! पुण्याने एवढं गुपित जगाला आपणहून सांगितल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

डॉक्टरांनी नानांना प्रथिनं वाढवा आणि डंबेल्स उचला म्हणून सांगितलंय. "वजन उतरवायला गेलो, तर हा वजन उचलायला सांगतो!" नाना चिडलेत. सुई सोडावी, तर त्याच चाचणीतल्या लोकांचं उतरलेलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. परत येताना ते दंडात येईल की पोटावर, याबद्दल नानांना स्वतःच्या पोटाचा पूर्वानुभव आहे.

असो. बरणी मलाही उघडेना. आणि मी तर सुईही घेत नाही. दोघंही झाकणावर गरम पाणी ओतावं का, यावर चर्चा करत उभे होतो. तेवढ्यात चार मजल्यांचा कचरा घेऊन मावशी जिन्याने खाली आल्या. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि झाकण फिरवलं.