सिडनीची सुप्रमा

निवृत्त इंजिनिअरबरोबर परदेश पाहायला जाऊ नये. कुठल्याही वास्तूसमोर उभं राहून आपण "अहाहा" म्हणायला तोंड उघडावं, तोवर शेजारून "खर्च किती आला?" असा प्रश्न येतो. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. खातं मात्र यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. लेक-जावई सिडनीत असतात म्हणून आम्ही तिकडे गेलो, एरवी हे कोयनेच्या पलीकडे काही पाहायला तयार नसतात.

सर्क्युलर की स्टेशनवर गाडीतून उतरलं की फलाटावरूनच बंदर दिसतं. डावीकडे तो प्रसिद्ध पूल, उजवीकडे ऑपेरा हाऊस, मधे निळंशार पाणी आणि त्यावर हिरव्या-पिवळ्या फेरीबोटींची लगबग. लोक जागच्या जागी थबकून मोबाइल काढतात. हे फलाटाच्या फरशीचा उतार बघत होते.

"बाबा, जागतिक वारसा आहे तो!" लेक ऑपेरा हाऊसकडे बोट दाखवून म्हणाली.

"असेल. छप्पर गळतं का, ते विचार."

मग लेकीने आत दाखवायला नेणाऱ्या फेरीची तिकिटं काढली आणि तिथे चमत्कार झाला. गाइड मुलगी हसतमुखाने त्या इमारतीची जन्मकथा सांगू लागली आणि एकेका वाक्यागणिक यांचा चेहरा उजळत गेला. १९५७ मध्ये निकाल लागलेल्या स्पर्धेत २३३ आराखडे आले होते. त्यातून डेन्मार्कच्या यॉर्न उत्झनचा निवडला गेला. तो म्हणे आधी नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात पडला होता, एका परीक्षकाने तिथून वर काढला. ("वरून फोन आला असणार," हे माझ्या कानात.) १९५९ मध्ये काम सुरू झालं, पण शिडांसारखं ते छप्पर उभं कसं राहणार याचं गणित तेव्हा कुणाकडेच नव्हतं. निवडणुका जवळ आल्या होत्या म्हणून चौथरा आधी सुरू केला, छपराचं मागाहून बघू! पुढे त्या चौथऱ्यातले खांब छपराचं वजन पेलणार नाहीत असं लक्षात आलं, तेव्हा ते पुन्हा बांधावे लागले. छपराचे सगळे भाग एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घेतले तर ते साच्यात ओतता येतील, ही युक्ती सुचायला १९६१ उजाडलं. ७० लाख डॉलरचा अंदाज होता, खर्च झाला १० कोटी २० लाख. २६ जानेवारी १९६३ ला पुरं व्हायचं काम. राणी एलिझाबेथने उद्घाटन केलं ते २० ऑक्टोबर १९७३ ला.

यांच्या चेहऱ्यावर परमुलखात माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद होता.

"अगं, किती सुप्रमा झाल्या असतील!" हे गहिवरून म्हणाले. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. धरणाचा खर्च फुगला की ती घ्यायची असते. मीही दिवाळीच्या खर्चासाठी दरवर्षी घेत आले आहे, मिळते मात्र पाडव्यानंतर.

त्यानंतर त्या इमारतीत यांना काहीच परकं वाटेना. छपरावर १०,५६,००६ फरशा आहेत हे ऐकून बाकीचे पर्यटक पहिल्या दहा लाखांवर थक्क झाले, हे शेवटच्या सहांवर. "मेजरमेंट बुक नीट लिहिलेलं दिसतंय. आपल्याकडे राउंड फिगर केली असती." त्या फरशा दुरून पांढऱ्याशुभ्र वाटल्या तरी जवळून पाहिलं तर काही चकचकीत पांढऱ्या आणि काही मंद सायीच्या रंगाच्या आहेत. मला तेवढंच पाहत राहायचं होतं. पण खर्चासाठी सरकारने खास लॉटरी चालवली होती, हे कळताच हे घाईने म्हणाले, "हे आपल्याकडे कुणाला सांगू नकोस."

उत्झनचं पुढे काय झालं, ते गाइडने सांगितलं तेव्हा मात्र हे गप्प झाले. सरकार बदललं, नवे सार्वजनिक बांधकाम मंत्री आले, त्यांनी त्याचे पैसे रोखून धरले. १९६६ मध्ये तो काम सोडून देशाबाहेर गेला, तो परतलाच नाही. २००३ साली त्याला प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं, २००८ मध्ये तो गेला. पूर्ण झालेली इमारत त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नाही. ऐकून माझा घसा दाटून आला.

"बिल अडवलं," हे पुटपुटले. एवढ्या कमी शब्दांत यांनी आजवर कुणालाही श्रद्धांजली वाहिलेली नाही.

पुलाकडे गेलो तेव्हा यांची गाडी रुळावर आली. हार्बर ब्रिजची मुख्य कमान ५०३ मीटरची. १९ मार्च १९३२ ला न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर जॅक लँग फीत कापायला सज्ज असताना गणवेशातला एक घोडेस्वार पुढे घुसला आणि त्याने तलवारीने फीत कापून टाकली. फ्रान्सिस डी ग्रूट त्याचं नाव. लँगसारख्या मजूर पक्षाच्या माणसाने नव्हे, राजघराण्याच्या प्रतिनिधीने पूल खुला करावा, असं त्याच्या गटाचं म्हणणं. त्याला धरून नेलं, फीत पुन्हा बांधली आणि लँगनी ती पुन्हा कापली. आपल्याकडे एकाच पुलाची उद्घाटनं दोन पक्ष दोन वेळा करतात तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय आपल्याकडे घोडा नसतो.

"कर्ज फिटलं का पुलाचं?" यांनी जावयांना विचारलं.

"१९८८ मध्ये फिटलं."

"मग टोल बंद झाला असेल."

"नाही, चालू आहे."

हे इतक्या समाधानाने हसले की जावई चमकलेच.

ऑपेरा हाऊसच्या पलीकडच्या भूशिरावर मिसेस मॅक्वारीज चेअर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर मॅक्वारींच्या पत्नीला बंदर न्याहाळत बसायला आवडायचं, म्हणून तिथल्या वालुकाश्मात कैद्यांकडून चांगला ऐसपैस बाक खोदून घेतला होता. मी त्यावर बसले आणि यांच्याकडे नुसतं पाहिलं. यांच्या हाताखाली आयुष्यभर गवंडी, सुतार, मुकादम होते. आमच्या परसात कपडे धुवायचा दगड अजून डुगडुगतो.

बाँडाय बीच मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. समुद्राशी आम्हा घाटावरच्या लोकांचं नातं घोट्यापुरतं. चौपाटीवर जायचं, पँट दुमडायची, पावलं भिजवायची, भेळ खायची, सूर्य बुडाला की घरी. बाँडायला यातलं काहीच चालेना. भेळ नव्हती; बटाट्याच्या गरम चिप्स घेतल्या तर सीगल पक्ष्यांनी वाटमारी केली. सीगल हुसकावायला ऑपेरा हाऊसजवळच्या उपाहारगृहांनी कुत्री ठेवली होती, असं लेक म्हणाली. "कायम की रोजंदारीवर?" हे. सूर्यास्त म्हणाल तर बाँडायचं तोंड पूर्वेला. सूर्य आमच्या पाठीमागे इमारतींच्या आड मावळणार होता. "एवढा समुद्र देऊन ओरिएंटेशन चुकवलं," असा शेरा मारून हे वाळूत बसले. आजूबाजूला शेकडो माणसं समुद्राकडे पाठ करून, वाळूत तोंड खुपसून पडली होती. एवढ्या लांबून येऊन त्याच्याकडे बघत होतो ते आम्हीच.

आज उघड्याने लोळणाऱ्या याच लोकांच्या पणज्यांना दिवसाउजेडी समुद्रस्नान करायला बंदी होती. १९०२ साली सिडनीतल्याच मॅनलीच्या एका संपादकाने आपल्याच पत्रात आगाऊ जाहीर करून भर दिवसा पाण्यात उडी घेतली आणि पुढे तो नियम ढिला पडला. आपल्या शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडला, इथे आंघोळीचा. दोन्हीकडे पाणी खारंच.

मी मात्र पाण्यात उतरायचं ठरवूनच आले होते. माझं लहानपण सांगलीचं. पाठीला डबा बांधून मला कृष्णेत ढकललेलं आहे. अंगभर पोहण्याचा पोशाख मी पुण्याहून लपवून आणला होता. इथे उन्हाच्या धाकाने पोरंटोरंसुद्धा लांब बाह्यांत पोहतात, त्यामुळे माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जन्मभर पाण्याचं खातं सांभाळलेल्या यांना मात्र पोहता येत नाही.

लाल-पिवळे झेंडे लावलेत त्यांच्या मधेच पोहायचं, असं तिथल्या जीवरक्षकाने समजावलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या खोल घळीतून जोराने माघारी जातं. तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत भासतं, म्हणून नवखा नेमका तिथेच शिरतो आणि आत ओढला जातो. ६ फेब्रुवारी १९३८ ला इथेच लागोपाठच्या मोठ्या लाटांनी सुमारे अडीचशे माणसं आत खेचली होती. पाच सोडून बाकीच्यांना जीवरक्षकांनी परत आणलं.

"म्हणजे सांडवा!" हे उठून उभे राहिले. "आवक आहे तर विसर्ग पाहिजेच." मग त्या बलदंड तरुणाला यांनी वाळूत काडीने धरणाचा आडवा छेद काढून दाखवला. तोही पोरगा गुडघ्यांवर बसून पाहत होता. त्याचे लाल-पिवळ्या टोपीतले काही सोबती बिनपगारी स्वयंसेवक आहेत, हे कळल्यावर यांनी खात्री करून घेतली, "भत्तासुद्धा नाही?"

मी पाण्यात शिरले. थंडगार, खारट, आणि ढकलाढकली दादरच्या जिन्यासारखी. पण काय सांगू! मागे वळून पाहिलं तर हे डाव्या झेंड्याशी माझ्या चपला, पर्स आणि थर्मास घेऊन, पँट घोट्यावर दुमडून खडा पहारा देत होते. थोड्या वेळाने पाण्याची ओढ बदलली असावी. जीवरक्षकांनी झेंडे उपटले आणि थोडे पुढे नेऊन रोवले. यांनी लगेच चपला उचलल्या, पर्स खांद्याला लावली, थर्मास काखेत मारला आणि झेंड्यामागोमाग निघाले. नोकरीत एकेक बदली रद्द करून घ्यायला यांनी मुंबईच्या किती खेपा घातल्या होत्या, ते मला ठाऊक आहे. इथे जॉइनिंग टाइमसुद्धा न घेता नव्या जागी रुजू झाले.